अंगणातला विस्तव आणि गावाचा कायदा

आपल्या घरची चूल ही सर्वस्वी आपली खासगी बाब आहे, असे आपण गृहीत धरतो. तिच्यावर काय शिजवावे, केव्हा शिजवावे आणि कोणास वाढावे, यांत शेजाऱ्याने वा नगरपालिकेने लक्ष घालण्याचे कारण नाही, अशीच आपली धारणा असते. परंतु तीच चूल घराबाहेर आणली, अंगणात वा गॅलरीत मांडली आणि तिच्यात कोळसा पेटविला, की प्रश्नाचे स्वरूप पालटते. वारा कोणाच्या कुंपणाची पर्वा करीत नाही. ठिणगी उडते ती शेजाऱ्याच्या छपरावरही पडू शकते. मग हा विस्तव कोणाचा? आणि तो कोठे पेटवावा, हे ठरविण्याचा अधिकार कोणाला?

आमच्या धर्मग्रामांतील कित्येक कुटुंबांची मुले आज अमेरिकेत आणि कॅनडात स्थायिक झाली आहेत. उन्हाळा आला, की तेथे घरोघरी उघड्यावर कोळशाच्या वा गॅसच्या जाळीवर मांस भाजण्याचा, किंवा मंद धुरावर तासन् तास शिजविण्याचा सोहळा सुरू होतो. नव्याने गेलेल्या आपल्या माणसांनाही तो आवडतो. पण इमारतीतील भाड्याच्या घरात पाऊल ठेवताच करारपत्रात एक अट पुढे येते: गॅलरीत ग्रिल पेटविता येणार नाही, काही ठिकाणी तर ठेवताही येणार नाही. ‘स्वातंत्र्याचा एवढा गाजावाजा करणाऱ्या देशात स्वतःच्या गॅलरीत कणीस भाजण्याची मोकळीक नाही?’ असा प्रश्न मग सुट्टीत गावी आल्यावर हमखास विचारला जातो. प्रश्न वाजवी आहे. त्याचे उत्तर मात्र आजच्या अमेरिकेपुरते मर्यादित नाही. त्यासाठी आपणांस बरेच मागे जावे लागेल.

पेटविणाऱ्याची जबाबदारी

जुन्या करारातील निर्गम ह्या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात मोशेच्या कायद्याची कलमे येतात. चोरी, गुरांनी केलेली नासाडी आणि ठेवीचा अपहार यांच्याच रांगेत तेथे आगीचा विचार केलेला आहे. कोणी विस्तव पेटविला, तो काट्याकुट्यांत पसरला आणि दुसऱ्याचे धान्य वा उभे पीक जळाले, तर ज्याने पेटविले त्याने नुकसान पुरते भरून द्यावे, असा त्या कलमाचा आशय आहे. त्याने मुद्दाम आग लावली की ती चुकून पसरली, याची चौकशी हे कलम करीत नाही. विस्तव ज्याचा, भरपाई त्याची, एवढेच ते सांगते.

हे न्यायाचे मोठे तत्त्व आहे, यात संशय नाही. तथापि त्याला एक मर्यादा आहे. ते आग लागून गेल्यावर जागे होते. शेतातील धान्याची भरपाई देता येते. दाटीवाटीने वसलेल्या नगरात मात्र एका घराची आग शंभर घरे खाऊन जाते आणि ती भरून देण्याचे सामर्थ्य कोणापाशीच नसते. म्हणून नगरे जसजशी वाढली, तसतसा कायद्याला भरपाईच्या आधीचा विचार करणे भाग पडले.

तो विचार रोमने केला. सम्राट ऑगस्टस याने इ. स. ६ मध्ये रात्रीची गस्त घालणारे आणि आग विझविणारे दल उभारले. त्याच्या सात तुकड्या होत्या आणि नगराच्या चौदा विभागांपैकी प्रत्येकी दोन विभाग एकेका तुकडीकडे सोपविलेले होते. ह्या दलाच्या प्रमुखाची कर्तव्ये रोमन विधिज्ञ पाउलुस याने नोंदविली आणि पुढे सम्राट जस्टिनियनने ५३३ साली प्रसिद्ध केलेल्या कायदेसंग्रहात ती समाविष्ट झाली. घरातील विस्तव निष्काळजीपणे ठेवणाऱ्यांना हा अधिकारी फटक्यांची शिक्षा देऊ शके, अथवा कडक समज देऊन सोडून देई. शिवाय प्रत्येक रहिवाशाने आपल्या माडीवर पाणी भरून ठेवावे, अशी सूचना त्याने द्यावयाची असे. माडीसाठी तेथे जो लॅटिन शब्द आहे, तो ‘चेनाकुलुम’. प्रभूने शिष्यांसह अखेरचे भोजन घेतले त्या माडीवरच्या खोलीसाठी लॅटिन बायबलमध्ये हाच शब्द योजलेला आहे. रोममधील गरीब भाडेकरू उंच इमारतींच्या अशाच वरच्या मजल्यांवर राहत. पाणी खालून वर वाहून न्यावे लागे आणि आग लागली, तर सुटकेचा मार्ग सर्वांत लांबचा त्यांचाच. कायद्याने पाण्याची आठवण तेथे करून दिली, हे योग्यच झाले.

दोषी कोण?

एवढी व्यवस्था असूनही इ. स. ६४ च्या जुलै महिन्यात रोम जळाले. इतिहासकार टॅसिटस सांगतो, की चौदांपैकी तीन विभाग पूर्णपणे भस्मसात झाले, सातांची अपरिमित हानी झाली आणि अवघे चार शाबूत राहिले. त्यानंतर नीरोच्या राजवटीने दोन गोष्टी केल्या आणि त्या दोन्ही आपण शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट नव्या नियमांची. रस्ते रुंद आखले गेले, इमारतींच्या उंचीवर मर्यादा आली. दोन घरांना सामाईक भिंत असू नये, काही भाग आग सोसणाऱ्या दगडाने बांधावा, प्रत्येकाने आग विझविण्याची साधने सहज हाती लागतील अशी ठेवावी, असे ठरले. दुसरी गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे. लोकांचा संशय स्वतःवर येतो असे पाहून नीरोने ख्रिस्ती लोकांना दोषी ठरविले आणि त्यांचा अमानुष छळ केला. एकाच आगीतून शहाणपणाचा कायदा निघाला आणि निरपराध्यांचा बळीही गेला. आगीच्या इतिहासात ही जोडी पुन्हा पुन्हा भेटते. विस्तवाचे नियम हा केवळ सोयीचा प्रश्न नसून न्यायाचा प्रश्न आहे, असे आम्हांस वाटते ते ह्याच कारणाने.

घंटा, भिंत आणि पाण्याचे पिंप

मध्ययुगातील युरोपात लाकडी घरे, गवताची छपरे आणि घराच्या मध्यभागी उघडी चूल असे. रात्री सर्व जण झोपले असता निखाऱ्यातून आग लागण्याचे भय मोठे. म्हणून ठरावीक वेळी घंटा वाजे आणि घरोघरी विस्तव राखेखाली झाकला जाई. फ्रेंच भाषेत ह्याला ‘कूव्र-फ’, म्हणजे ‘विस्तव झाका’, असे म्हणत. त्यासाठी धातूचे एक झाकणही असे आणि त्याचेही नाव तेच. संचारबंदीसाठी आज आपण जो ‘कर्फ्यू’ शब्द वापरतो, तो ह्याच घंटेचा वंशज. दंगलीच्या दिवसांत धडकी भरविणारा हा शब्द मुळात चुलीची काळजी वाहणारा होता.

ही घंटा पुष्कळदा चर्चच्या मनोऱ्यावरूनच वाजे. तिन्हीसांजेच्या घंटेबरोबर नमो मरिया म्हणण्याची प्रथा युरोपात रूढ होत होती आणि पोप बाविसावे जॉन यांनी १३१८ साली तिला मान्यता दिली. आपल्या सायंकाळच्या आंजेलुसच्या घंटेचे नाते अनेक अभ्यासक ह्या विस्तव झाकण्याच्या घंटेशी जोडतात. एकाच नादाने घर निजविले जाई आणि मन वर उचलले जाई.

लंडन नगरीने आणखी पुढचे पाऊल टाकले. ११८९ साली तेथे शेजाऱ्यांमधील भिंतींविषयी नियम झाले. दोघा शेजाऱ्यांना दगडी भिंत उभारावयाची असेल, तर प्रत्येकाने दीड फूट जागा द्यावी आणि तीन फूट जाडीची भिंत दोघांच्या खर्चाने बांधावी. १२१२ साली मोठी आग लागली आणि मग नियम अधिक कडक झाले. गवताच्या छपरांवर बंदी आली. भटारखान्यांच्या भिंतींना आतून-बाहेरून गिलावा व चुना लावण्याची सक्ती झाली. बेकरी आणि मद्य गाळण्याच्या जागी गवत, बोरू, पेंढा असले भुरुभुरु जळणारे सरपण वापरण्यास मनाई झाली. घरासमोर पाण्याने भरलेले लाकडी वा दगडी पिंप असावे, असेही सांगण्यात आले. अन्न शिजविणाऱ्यांवर खास नजर ठेवणारे हे नियम वाचताना आजच्या ग्रिलच्या नियमांचे पूर्वजच आपणांस भेटतात.

न्यायालयांचे मतही त्याच दिशेचे होते. १४०१ सालच्या एका खटल्यात इंग्लंडच्या न्यायाधीशांनी म्हटले, की घरातील विस्तव बाहेर पसरून शेजाऱ्याचे घर जळाले, तर राज्याच्या रूढीप्रमाणे घरमालक उत्तरदायी आहे. मग तो विस्तव नोकराच्या हातून सुटलेला असो वा पाहुण्याच्या. मोशेच्या नियमशास्त्रातील तत्त्वच येथे नव्या वेषात अवतरलेले दिसते.

तरीही २ सप्टेंबर १६६६ च्या पहाटे लंडनच्या पुडिंग लेनमधील टॉमस फॅरिनर याच्या बेकरीत आग लागली आणि चार दिवसांत सुमारे १३,२०० घरे व ८७ धर्मग्रामांची चर्चे जळून गेली. पुढच्याच वर्षी संसदेने कायदा केला: नवी घरे विटांची वा दगडांचीच हवीत. पण ह्याही वेळी कायद्याच्या जोडीला बळी हवाच होता. रॉबेर उबेर नावाच्या एका फ्रेंच घड्याळजीने आपण आग लावल्याचे कबूल केले आणि त्यास फाशी देण्यात आले. त्याच्यावरील आरोपपत्रावर सही करणाऱ्यांत फॅरिनर कुटुंबातील माणसे होती. आग लागल्यानंतर दोन दिवसांनी तो लंडनला पोहोचला होता, हे मागाहून उघड झाले. आगीच्या स्मरणार्थ उभारलेल्या स्तंभावर १६८१ साली ह्या आपत्तीचे खापर कॅथलिकांवर फोडणारा मजकूर कोरण्यात आला. मध्यंतरी दुसऱ्या जेम्स राजाच्या कारकिर्दीतील काही वर्षे वगळता तो तेथेच राहिला आणि १८३० मध्ये कायमचा खोडला गेला. बेकरीच्या भट्टीतील आगीचा कलंक दीडशे वर्षे एका समाजाच्या माथी राहिला.

समुद्रापलीकडे

युरोपातून निघालेले लोक हा सगळा अनुभव गाठीशी बांधून अमेरिकेला गेले. लाकूड विपुल आणि स्वस्त असल्याने तेथे धुराडीसुद्धा लाकडाची, वरून मातीने लिंपलेली अशी बांधली जात. बॉस्टनमध्ये १६३१ साली एका धुराड्यातून घराला आग लागली, तेव्हा लाकडी धुराडी आणि गवताची छपरे ह्यांवर बंदी घालण्यात आली. आज ज्या नगराला आपण न्यूयॉर्क म्हणतो, त्या डच वसाहतीत १६४८ साली पीटर स्टायवेसंट या गव्हर्नरने अग्निनिरीक्षक नेमले. ते घरोघर जाऊन धुराडी तपासत आणि अस्वच्छ धुराड्याबद्दल दंड करीत. जमा झालेला दंड आग विझविण्याच्या साधनांसाठी खर्ची पडे.

ह्या देशाची खरी परीक्षा झाली ती ८ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री. त्या वर्षी उन्हाळा अतिशय कोरडा गेला होता. शिकागो शहरात डीकोव्हन रस्त्यावरील ओ’लिअरी कुटुंबाच्या गोठ्यात आग लागली आणि वाऱ्याने ती शहरभर नेली. सुमारे तीनशे माणसे दगावली, सतरा हजारांवर इमारती नष्ट झाल्या, एक लाख लोक बेघर झाले. श्रीमती कॅथरीन ओ’लिअरी ह्या आयरिश कॅथलिक. त्यांच्या गायीने लाथ मारून कंदील पाडला, ही कथा देशभर पसरली. चौकशीत कारण निश्चित झाले नाही, तरी गाणी आणि व्यंगचित्रे थांबली नाहीत. शिकागोच्या नगरसभेने त्यांना ठरावाने निर्दोष ठरविले ते १९९७ साली, म्हणजे सव्वाशे वर्षांनंतर. रोम, लंडन, शिकागो. तिन्ही ठिकाणी वाऱ्याला, लाकडाला आणि दाटीला दोष देण्यापेक्षा परक्या वाटणाऱ्या माणसाला दोष देणे लोकांना सोपे गेले.

त्याच रात्री शिकागोच्या उत्तरेस विस्कॉन्सिन राज्यातील पेश्टिगो हे लाकूडकामावर जगणारे गाव अक्षरशः नाहीसे झाले. मृतांचा आकडा बाराशे ते अडीच हजारांच्या दरम्यान सांगितला जातो. तो शिकागोच्या कितीतरी पट आहे. तेथे कोणी एक मोठी आग लावली नव्हती. शेतकरी जमीन मोकळी करण्यासाठी झुडपे जाळीत होते, लोहमार्गाचे कामगार तोडलेला पाला पेटवीत होते. अशा शेकडो लहान आगी आठवडेच्या आठवडे धुमसत होत्या आणि प्रत्येकाला आपली आग लहानच वाटत होती. मग वादळी वारा सुटला आणि त्या सर्व एक झाल्या. तेथील धर्मगुरू फादर पीटर पेर्निन यांनी पवित्र साक्रामेंताची पेटी गाडीवर ठेवून नदी गाठली आणि इतरांसह कित्येक तास थंड पाण्यात उभे राहून प्राण वाचविले. पेटी पुढे नदीतील एका ओंडक्यावर सुरक्षित सापडली. १८७४ साली त्यांनी लिहिलेला ह्या रात्रीचा वृत्तान्त आजही अभ्यासकांचा प्रमुख आधार आहे.

शिकागोत पुढे जे घडले, ते आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. शहरात लाकडी घरे बांधू नयेत असा नियम पुढे आला, तेव्हा जानेवारी १८७२ मध्ये जर्मन आणि इतर स्थलांतरित कामगार मोर्चा घेऊन नगरसभेवर गेले. विटांचे घर त्यांना परवडणारे नव्हते. बंदीचा अर्थ त्यांच्यासाठी बेघर होणे असा होता. नगरसभेने माघार घेतली आणि गरिबांच्या वस्त्या नियमातून वगळल्या. जुलै १८७४ मध्ये पुन्हा मोठी आग लागली, आठशेहून अधिक इमारती जळाल्या आणि विमा कंपन्यांच्या दडपणामुळे बंदी सबंध शहराला लागू झाली. नियम बरोबर होता. परंतु तो पाळण्याची ऐपत नसलेल्यांचे काय करावे, ह्या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते.

कोळसा, किटली आणि दहा फूट

घरामागील अंगणात जाळी पेटविण्याची आजची पद्धत विसाव्या शतकातली. १९२०च्या दशकात हेन्री फोर्ड यांच्या मिशिगनमधील कारखान्यात मोटारीच्या लाकडी भागांचे तुकडे वाया जात. त्यांपासून कोळशाच्या वड्या करून विकण्यास तेथे प्रारंभ झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरांबाहेर स्वतंत्र घरांच्या वसाहती उभ्या राहिल्या आणि प्रत्येक घराला मागचे अंगण मिळाले. १९५२ साली जॉर्ज स्टीफन ह्या गृहस्थाने वेबर ब्रदर्स ह्या आपल्या धातुकामाच्या कारखान्यात गोल पोटाची, झाकणाची शेगडी घडविली. झाकणामुळे वाऱ्यापासून निखाऱ्यांचे रक्षण होई आणि ठिणग्याही आत राहत. पुढे गॅसच्या टाकीवर चालणारी ग्रिल आली. मांस मंद धुरावर शिजविण्याची, अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामगिरीतील कृष्णवर्णीय आचाऱ्यांनी ज्यात प्रावीण्य मिळविले ती जुनी कला, ‘स्मोकर’ नावाच्या पेटीच्या रूपाने घरोघरी पोहोचली.

परंतु अंगण सर्वांना मिळाले नाही. पुष्कळांना मिळाली ती लाकडी घराची लाकडी गॅलरी, आणि खाली, वर व बाजूला दुसऱ्याचे बिऱ्हाड. तेथेच नियमांची गरज भासली. अमेरिकेत आगीचे कायदे स्थानिक नगरे आणि राज्ये करतात. त्यांच्यासाठी तज्ज्ञांच्या संस्था नमुना नियमावली तयार करतात आणि स्थानिक शासनाने स्वीकारल्यावरच तिला कायद्याचे बळ येते. म्हणूनच एका नगरात चालते ते दुसऱ्यात चालत नाही. १८९६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संस्थेची एक नियमावली आहे. २००० साली प्रथम प्रसिद्ध झालेली आंतरराष्ट्रीय अग्निसंहिता ही दुसरी.

दुसऱ्या संहितेचा सर्वसाधारण नियम असा: कोळशाची वा उघड्या ज्योतीची शेगडी ज्वालाग्राही गॅलरीवर, अथवा ज्वालाग्राही बांधकामापासून दहा फुटांच्या आत पेटवू नये. एक वा दोन कुटुंबांची स्वतंत्र घरे ह्यातून वगळलेली आहेत. तसेच आग लागताच आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा जेथे इमारतीसह गॅलरीलाही आहे, तेथेही सवलत आहे. राष्ट्रीय संस्थेची नियमावली अधिक कडक आहे. बहुकुटुंबी इमारतीच्या गॅलरीत वा बाहेर आलेल्या छताखाली ग्रिल पेटवू नये असे ती सांगते, आणि जपानी ‘हिबाची’ शेगडीचाही तीत नावानिशी उल्लेख आहे. न्यूयॉर्क शहरात गच्ची वा गॅलरीवर कोळशाची शेगडी चालते, पण इमारतीपासून दहा फूट अंतर आणि हाताशी पाणी असेल तरच.

दहा फूटच का, असे कोणी विचारील. निखाऱ्याची धग ज्योतीला न शिवताही दूर पोहोचते. अंतर वाढले, की ती झपाट्याने कमी होते. अमेरिकेतील पुष्कळ घरांच्या भिंती बाहेरून प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी मढविलेल्या असतात आणि त्या सुमारे सत्तर अंश सेल्सिअसला मऊ पडू लागतात. चरबी निखाऱ्यांवर ठिबकून अचानक ज्वाळा उसळतात. गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळला तर खाली साचून राहतो. त्यासाठी टाकी जरुरीपेक्षा जास्त भरली जाऊ नये अशी झडप सक्तीची करण्यात आली आणि एप्रिल २००२ पासून ती नसलेल्या टाक्या भरून मिळणे बंद झाले. स्मोकरची अडचण निराळी. त्याचा ताप कमी, सव्वाशे अंशांच्या आतबाहेर. पण एक मोठा तुकडा शिजण्यास दहा-बारा तास लागतात. एवढा वेळ विस्तवाजवळ बसून कोण राहणार? मालक झोपतो आणि निखारा जागा राहतो. आणि सर्वांत फसवी ती राख. वरून पांढरी, थंड दिसणारी राख पोटात दिवस दिवस अंगार बाळगते. म्हणून ती कागदी पिशवीत वा कचऱ्यात न टाकता झाकणाच्या धातूच्या डब्यात भरावी, असा दंडक आहे. घरात कोळसा पेटविला, तर त्यातून निघणारा, वास नसलेला विषारी वायू माणसाला झोपेतच नेतो, हे आपल्याकडील शेगडीच्या दुर्घटनांवरूनही आपण जाणतो.

ही भीती काल्पनिक नाही. २०१७ ते २०२१ ह्या काळात अमेरिकेतील अग्निशमन दलांना घरच्या ग्रिलमुळे लागलेल्या आगींसाठी वर्षाला सरासरी अकरा हजारांहून अधिक वेळा धावावे लागले. जुलै महिन्यात हे प्रमाण सर्वाधिक असते.

नियमाचा न्याय

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो आम्हांस हलका वाटत नाही. स्वतंत्र घराच्या मालकाला सवलत आणि गॅलरीतील भाडेकरूला बंदी, हा गरिबावर अन्याय नव्हे काय? १८७२ चे शिकागोचे कामगार आजही हाच प्रश्न विचारतील. आमचे उत्तर असे, की नियम माणसाची श्रीमंती मोजीत नाही. विस्तव आणि दुसऱ्याची झोपण्याची जागा यांमधील अंतर तो मोजतो. ज्याच्या वरच्या मजल्यावर कोणाचे तान्हे मूल निजले आहे, त्याच्या निखाऱ्याला अधिक बंधन असणे क्रमप्राप्त आहे. मात्र समाजाची जबाबदारी एवढ्यावर संपत नाही. ज्याला अंगण नाही, त्याला एकत्र जमून शिजविण्यासाठी सुरक्षित सार्वजनिक जागा मिळाली पाहिजे. अमेरिकेतील अनेक उद्यानांत नगरपालिकेने पक्क्या शेगड्या बसविलेल्या असतात. बंदीबरोबर पर्याय दिला, की नियम जाच वाटत नाही.

आपल्याकडे हा विचार परका राहिलेला नाही. २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री मुंबईत लोअर परळ येथील कमला मिल आवारात गच्चीवरील उपाहारगृहांना आग लागली आणि चौदा जणांचा मृत्यू झाला. हुक्क्यासाठी पेटविलेल्या कोळशाच्या ठिणग्यांतून ती लागली, असा अग्निशमन दलाच्या चौकशीचा निष्कर्ष होता. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. इमारतीचे मालक वा भोगवटादार यांनी आगीची साधने सुस्थितीत ठेवावी आणि जानेवारी व जुलै महिन्यांत तसे प्रमाणपत्र द्यावे, असे तो सांगतो. किती सोसायट्यांच्या वार्षिक सभेत ह्याची चौकशी होते, हे प्रत्येक वाचकाने स्वतःशी पडताळून पाहावे. वाड्या जाऊन इमारती येत आहेत. आंगण होते, तेव्हा लग्नाच्या मांडवामागे चुली पेटल्या, तरी घर दूर असे आणि विहीर जवळ असे. आज तेच निखारे इमारतीच्या गच्चीवर, कापडी छताखाली पेटतात. सोहळा जुनाच आहे, पण अंतर उरलेले नाही.

ह्या दीर्घ इतिहासाकडे पाहता एक गोष्ट स्पष्ट दिसते. आगीनंतरचा कायदा दोषी शोधतो आणि घाईत असला, तर चुकीचा दोषी शोधतो. पहिल्या शतकातील ख्रिस्ती, सतराव्यातील घड्याळजी, एकोणिसाव्यातील आयरिश गृहिणी ह्याची साक्ष देतात. आगीआधीचा नियम कोणावरही बोट ठेवीत नाही. तो फक्त म्हणतो: दहा फूट सर, झाकण घाल, विझेपर्यंत उठू नकोस, पाणी जवळ ठेव. आंतरराष्ट्रीय अग्निसंहिता उघड्यावरील लाकडाच्या आगीजवळ काय असावे ते सांगताना माती, वाळू आणि बागेची नळी ह्यांबरोबर पाण्याच्या पिंपाचाही उल्लेख करते. रोमच्या माडीवरचे पाणी आणि लंडनच्या दारातील पिंप इतकी शतके ओलांडून तेथे येऊन ठेपले आहे. येत्या सणाला गच्चीवर वा अंगणात जेव्हा आपण जाळी मांडू, तेव्हा मसाल्याच्या आधी एक भरलेली बादली आणून ठेवावी, आणि शेवटचा पाहुणा गेल्यावर राखेत हात न घालता तीत पाणी ओतावे. एवढे केले, तर शेजाऱ्याला निश्चिंत झोप लागेल.